डेव्हॉन्टा स्मिथची अलाबामातली चार वर्षं, आणि वजनाचा प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे, की भाचा न्यू जर्सीत हायस्कूलला आहे, अमेरिकन फुटबॉलमधे वाइड रिसीव्हर (पुढे पळून पास झेलणारा) खेळतो, अंगाने काटकुळा, कोच सारखा म्हणतो वजन वाढव, आणि भाचा उलट डेव्हॉन्टा स्मिथचे व्हिडिओ दाखवतो की मामा हा बघ, हा पण काडीपैलवानच होता आणि याला हाइझमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) मिळाली. तर या स्मिथचं कॉलेज करिअर नक्की झालं कसं, शेवटच्या वर्षी एकदम काय घडलं, आणि वजनाचं खरं काय. उत्तर मोठं होणारे, चहा घेऊन बसा.

आधी माझं सांगतो म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी मूळचा इचलकरंजीचा, शाळेत खो-खो खेळलो, मग इंजिनियरिंग, मग नोकरीने हंट्सविल, अलाबामाला आणून टाकलं, त्याला आता अठरा वर्षं झाली. पोरगा फुटबॉल खेळायला लागला तेव्हा ग्राउंडवर पाण्याच्या बाटल्या भरायला जायचो, मग कोन लावायला, मग एक दिवस हेड कोच म्हणाला की रिसीव्हरची पोरं तू बघ. पोरगा शाळेतून बाहेर पडून वर्षं झाली, मी अजून तिथेच आहे. पगार शून्य, गुडघे गेलेत, बायको वैतागलीये. पण या राज्यात राहून, रिसीव्हरची पोरं सांभाळून, स्मिथची चारही वर्षं शनिवार-शनिवार बघितलीत, त्यामुळे या विषयावर मला थोडं बोलायचा हक्क आहे असं मी धरून चालतो.

आणि एक गोष्ट पहिल्यांदाच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. स्मिथचे हायलाइट बघून स्मिथ कळत नाही. हायलाइट सुरू होतो बॉल हवेत गेल्यावर, आणि या पोराचं नव्वद टक्के काम तोपर्यंत उरकलेलं असायचं. भाचा बघतोय ते कॅच. त्याला बघायला हवेत ते पाय.

स्मिथ लुइझियानातल्या एमीट नावाच्या छोट्या गावचा, जन्म १९९८ चा. लुइझियानातलं चांगलं पोरगं म्हणजे बॅटन रूजला एलएसयूला (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीला) जाणार असं तिथे जवळजवळ गृहीत असतं, हा २०१७ मधे तिकडे न जाता टस्कलूसाला अलाबामात आला. हेड कोच निक सेबनची टीम, म्हणजे तेव्हा देशातली सगळ्यात भरलेली टीम, आणि त्याच वर्षी त्याच्याबरोबर जेरी ज्यूडी आणि हेन्री रग्ज हे दोन रिसीव्हर पण आले. पुढच्या वर्षी जेलन वॉडल आला. हे चौघं पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमधे (टीम कॉलेजमधले खेळाडू निवडतात तिथे) पहिल्या राउंडमधे गेले, रग्ज १२ वा आणि ज्यूडी १५ वा २०२० मधे, वॉडल ६ वा आणि स्मिथ १० वा २०२१ मधे. एका कॉलेजच्या एका खोलीत हे चौघं एकाच वेळी बसायचे. आता विचार करा, त्या खोलीत बॉल मिळायचा कसा?

तर नाही मिळायचा. पहिल्या वर्षी स्मिथचे अख्ख्या सीझनमधे ८ कॅच. आठ! १६० यार्ड (एक यार्ड म्हणजे मीटरपेक्षा थोडं कमी), ३ टचडाउन (म्हणजे बॉल समोरच्या टोकाच्या एंड झोनमधे नेणं). पण त्या आठातले दोन बघा. नोव्हेंबर २०१७, मिसिसिपी स्टेटच्या मैदानावर बरोबरीत अडकलेली मॅच, २५ सेकंद राहिलेत, जेलन हर्ट्स क्वार्टरबॅक (पास टाकणारा), २६ यार्डांचा टचडाउन स्मिथला, ३१-२४. आणि दुसरा म्हणजे ज्यामुळे त्याचं नाव घराघरात गेलं तो, ८ जानेवारी २०१८, अटलांटा, नॅशनल चॅम्पियनशिप, समोर जॉर्जिया.

ही मॅच थोडी नीट सांगतो, कारण इथे अलाबामात ती रामायण-महाभारतासारखी सांगतात. हाफटाइमला जॉर्जिया १३-०. सेबनने दोन वर्षं खेळवलेला हर्ट्स बसवला आणि टुआ टॅगोव्हायलोआ या पहिल्या वर्षाच्या पोराला उतरवलं. मॅच ओढत ओढत २०-२० वर आली, शेवटच्या क्षणी अलाबामाच्या किकरने ३६ यार्डांची किक घालवली (माझ्या शेजाऱ्याने तेव्हा टीव्हीला चप्पल मारली होती, खरंच), ओव्हरटाइम. जॉर्जियाने ५१ यार्डांची फील्ड गोल (खांबांमधून किक, तीन गुण) मारली, २३-२०. अलाबामाची पहिली खेळी, टुआ घाबरून मागे मागे पळाला आणि पकडला गेला, १६ यार्ड गमावले. म्हणजे आता सेकंड अँड ट्वेंटी-सिक्स, दुसऱ्या खेळीला दहाच्या जागी २६ यार्ड हवेत, आणि किक मारायची तरी खूप लांबून. सगळे म्हणाले संपलं. पुढच्याच स्नॅपला (बॉल मागे देऊन खेळी सुरू होते तो क्षण) टुआने ४१ यार्डांचा बॉल डाव्या साइडलाइनला टाकला, स्मिथ तिथे एकटा, टचडाउन, २६-२३, मॅच संपली. स्मिथचा त्या रात्रीचा तो एकमेव कॅच.

लोक म्हणतात टुआचा थ्रो काय होता. थ्रो होताच. टुआने आधी नजर दुसरीकडे ठेवून सेफ्टीला (सगळ्यात मागच्या बचावपटूला) मधे अडकवला हे पण खरं. पण डाव्या बाजूला बघा काय झालं. चार रिसीव्हर सरळ वर पळालेत, फोर व्हर्टिकल्स म्हणतात त्याला, माझी नववीतली पोरं पण पळतात, त्यात काही गुपित नाही. कॉर्नरने (रिसीव्हरला अडवणाऱ्या बचावपटूने) स्मिथला पुढे जाऊ दिलं कारण मागे सेफ्टी आहे असा त्याचा हिशोब. अशा वेळी बहुतेक रिसीव्हर काय करतात, तर कॉर्नरच्या धक्क्याने साइडलाइनकडे ढकलले जातात आणि मग क्वार्टरबॅकला बॉल टाकायला जागाच उरत नाही, कारण एका बाजूला रेषा. स्मिथ ढकलला गेला नाही, स्पीड मोडला नाही, आणि आपल्या बाहेरच्या अंगाला बॉल पडेल इतकी जागा शिल्लक ठेवून पळाला. १९ वर्षांचं पोर, अख्ख्या मॅचमधे बॉल मिळालेला नाही, टीम संपल्यासारखी, आणि तरी रूट (पळायचा ठरलेला मार्ग) तसाच शिस्तीत. मी ही खेळी आमच्या पोरांना दर ऑगस्टला दाखवतो आणि थ्रोच्या आधी व्हिडिओ बंद करतो. पोरं चिडतात.

आता इथे बहुतेकांचा समज असा की या कॅचनंतर स्मिथ स्टार झाला. अजिबात नाही. पुढचं वर्ष, २०१८, त्याचे ४२ कॅच, ६९३ यार्ड, ६ टचडाउन. ज्यूडीला त्या वर्षी बिलेट्निकॉफ मिळालं, म्हणजे देशातला सर्वोत्तम रिसीव्हर. नवा आलेला वॉडल स्मिथच्या पुढे, रग्ज पुढे, आणि यार्डांच्या हिशोबात टाइट एंड (ब्लॉक पण करणारा, पास पण घेणारा) सुद्धा पुढे. म्हणजे नॅशनल चॅम्पियनशिप जिंकून देणारा माणूस दुसऱ्या वर्षी स्वतःच्याच टीममधे पाचवा! मधे हॅमस्ट्रिंगमुळे पण थोडा बाहेर होता. शेवटी क्लेमसनने फायनलमधे ४४-१६ असं धुतलं, सीझन संपला.

हे वर्ष कोणी सांगत नाही पण कोच म्हणून मला हेच वर्ष सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कारण या वर्षी तो ब्लॉक करत होता. ज्यूडीला बॉल, स्मिथ समोरच्या कॉर्नरला अडवतोय. वॉडलला छोटा पास, स्मिथ पुढे जाऊन रस्ता मोकळा करतोय. इतका बारीक माणूस ब्लॉक करताना बघायला मजा येते, कारण ताकदीने होत नाहीये हे दिसतं, तो कोन धरतो, समोरच्याच्या आणि बॉलच्या मधे येऊन उभा राहतो आणि हात आत ठेवतो, बस. सेबनच्या टीममधे ब्लॉक न करणाऱ्या रिसीव्हरला मैदान दिसत नाही, त्यामुळे त्याला ते करावंच लागलं असं कोणी म्हणेल, पण मनापासून आणि नाइलाजाने यातला फरक फिल्मवर लगेच कळतो हो.

आजच्या दिवसात हे असं घडलं असतं का, मला शंका आहे. जुलै २०२१ पासून पोरांना स्वतःच्या नावावर पैसे मिळवायची परवानगी आली, त्याच वर्षी एकदा टीम बदलून लगेच खेळायची सोय पण झाली. आजचा स्मिथ आठ कॅचनंतर नाही तरी ४२ कॅचनंतर नक्की बॅग भरून दुसरीकडे गेला असता, आणि त्यात त्याचं काही चुकलं असतं असं पण मी म्हणणार नाही, पैसे पैसे असतात. फक्त एवढंच की मग ज्या खोलीत तो ज्यूडीचे पाय रोज बघत होता ती खोली सुटली असती.

२०१९. तिसरं वर्ष. इथून दिसायला लागलं. ६८ कॅच, १,२५६ यार्ड, १४ टचडाउन, आणि बिलेट्निकॉफवाल्या ज्यूडीपेक्षा यार्ड पण जास्त आणि टचडाउन पण. सप्टेंबरच्या शेवटी ओल मिसविरुद्ध ११ कॅच, २७४ यार्ड, ५ टचडाउन, एकाच मॅचमधे, यार्ड आणि टचडाउन दोन्ही शाळेचे रेकॉर्ड. (इथे कॉलेजला पण शाळाच म्हणतात, सवय झालीये.) नोव्हेंबरमधे एलएसयूविरुद्ध ४१-४६ अशी मॅच हरले पण त्यात याचे ७ कॅच २१३ यार्ड, आणि समोर एलएसयूची ती टीम होती जी पुढे नॅशनल चॅम्पियन झाली.

त्या वर्षी अलाबामाचं एक आवडतं काम होतं, क्वार्टरबॅक बॉल रनिंग बॅकच्या (बॉल घेऊन पळणाऱ्याच्या) पोटाशी नेतो, लाइनबॅकर (मधल्या फळीतला बचावपटू) एक पाऊल पुढे येतो, आणि त्याच्या मागे जी खिडकी उघडते तिथे स्लँटवर (तिरपं आत पळत) रिसीव्हर. पास दहा-बारा यार्डांचा, पुढे पळणं पन्नास यार्डांचं. दिसायला किती सोपं. पण स्लँट हा रूट बारीक माणसाला सगळ्यात धोक्याचा, कारण तुम्ही मैदानाच्या मधोमध येता जिथे शंभर-शंभर किलोची माणसं तुमची वाट बघत असतात, आणि कॅच घेताना एक क्षण जरी थबकलात तर हाडं मोजावी लागतात. स्मिथ थबकायचा नाही. कॅच आणि पुढचं पाऊल एकच. आमच्या पोरांचा कॅच घेताना स्पीड निम्मा होतो, कारण त्यांचं डोकं म्हणतं आधी पकडू मग पळू.

मग जानेवारी २०२० ला सगळ्यांना वाटलं हा पण जाणार. ज्यूडी गेला, रग्ज गेला, टुआ कमरेला दुखापत झालेली असून गेला. स्मिथने सांगितलं मी चौथं वर्ष खेळणार. तेव्हा इथल्या ऑफिसातल्या माझ्या मित्रांचं एकमत होतं की वेडा आहे, मोडला तर काय करेल. मला पण तसंच वाटलं होतं, उगाच शहाणपणा सांगत नाही.

चौथ्या वर्षाचं तुम्ही विचारलंत "एकदम काय घडलं". तीन-चार गोष्टी एकत्र आल्या. एक म्हणजे कोविड, वेळापत्रक बदललं, अलाबामा ज्यात खेळते त्या एसईसी लीगने फक्त आपसातल्या दहा मॅच ठेवल्या, म्हणजे दुबळ्या टीमविरुद्ध आकडे फुगवायची सोय गेली. हे मी मुद्दाम सांगतो कारण आकडे वाचताना ते लक्षात ठेवा. दुसरं म्हणजे टीमचा जुना स्ट्रेंथ कोच स्कॉट कॉक्रन जॉर्जियाला गेला आणि इंडियानाहून डेव्हिड बॅलू आणि मॅट रे आले, त्यांचा भर नुसत्या वजनं उचलण्यापेक्षा स्पीड आणि मोजमापावर. तिसरं, क्वार्टरबॅक मॅक जोन्स, ज्याला कोणी टुआच्या तोडीचा मानत नव्हतं पण बॉल वेळेवर टाकायचा, आणि रूटवर पोट भरणाऱ्या रिसीव्हरला वेळेवर टाकणारा क्वार्टरबॅक म्हणजे काय ते रिसीव्हरलाच विचारा.

आणि चौथं वॉडल. पहिल्या चार मॅचमधे कॅच स्मिथचे जास्त पण यार्ड वॉडलचे जास्त होते हे लोक विसरतात. २४ ऑक्टोबरला टेनेसीत पहिल्याच किकऑफला वॉडलचा घोटा मोडला. पुढच्या मॅचमधे मिसिसिपी स्टेटविरुद्ध स्मिथचे ११ कॅच, २०३ यार्ड, ४ टचडाउन. आता इथे कोणी म्हणेल की वॉडल पडला म्हणून स्मिथला मिळालं. अर्धं खरं आहे. पण उरलेलं अर्धं असं, की वॉडल असताना डिफेन्सला दोन माणसांची भीती होती, वॉडल गेल्यावर समोरच्या प्रत्येक टीमला आठवडाभर आधीपासून माहिती होतं की बॉल कुठे जाणार, एक कॉर्नर आणि वरून सेफ्टी दोघं याच्यावर. बॉल जास्त मिळाला हे सोपं झालं, मोकळं होणं अवघड झालं. ११७ कॅच, १,८५६ यार्ड, २३ टचडाउन. एसईसीचा आधीचा सीझनचा रेकॉर्ड आदल्याच वर्षीचा, एलएसयूच्या जमार चेजचा, १,७८० यार्ड आणि २० टचडाउन.

मोकळं कसं व्हायचा, ते आता सांगतो, माझा आवडता भाग.

खो-खो खेळलेल्याला हे पटकन कळेल. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की त्याला मधेच उलट फिरता येत नाही, खांबापर्यंत जावंच लागतं. चांगला पळणारा काय करतो, तो जोरात पळत नाही, तो समोरच्याला चुकीची दिशा घ्यायला लावतो. खांदा असा टाकतो की समोरचा फसतो, आणि मग हा आरामात दुसरीकडे. फुटबॉलमधे नियमाने नाही पण शरीराने तेच बंधन आहे. कॉर्नरची कंबर एकदा वळली की परत वळवायला त्याला अर्धं-पाऊण सेकंद जातो, आणि अर्ध्या सेकंदात स्मिथ तीन-चार यार्ड दूर. त्यामुळे स्मिथचा सगळा खेळ म्हणजे कॉर्नरची कंबर. स्नॅप झाला की तो थेट कॉर्नरच्या अंगावर जायचा, बाजूने नाही, आणि ज्या दिशेला जायचं नाहीये तिकडे एक पाय, डोकं, खांदा सगळं टाकायचा, नुसता पाय नाही, अख्खं अंग, आणि कॉर्नरने हात टाकला तर त्याचा हात झटकून आतून निसटायचा. कॉर्नरला याला धरायलाच मिळायचं नाही. वजनाचा प्रश्न कधी येतो? हात लागला तर. हातच नाही लागला तर तुम्ही ७५ किलोचे की ९५ चे, काय फरक पडतो.

निसटला की दुसरी सवय, सरळ कॉर्नरच्या पुढे येऊन पळायचं, त्याच्या बाजूने नाही. म्हणजे कॉर्नर पाठीमागे, आता बॉल आला तर त्याला आरपार यावं लागेल. आणि तिसरी, हात उशिरा काढायचा. आमची पोरं बॉल दिसला की दोन्ही हात वर करून पळतात, मागच्या कॉर्नरला पाठीवर पाटी लावल्यासारखं कळतं की बॉल येतोय, तो हात घालतो, संपलं. स्मिथचे हात बॉल अगदी पोचेपर्यंत पळण्याच्या लयीत. स्लिपमधला चांगला फिल्डर आठवा, हात आधीपासून ताणून उभा राहत नाही, तसंच.

यात स्टीव्ह सार्किझियनचं पण श्रेय मोठं, तो तेव्हा ऑफेन्स चालवायचा. स्मिथला तो एका जागी उभाच ठेवायचा नाही, स्नॅपच्या आधी इकडून तिकडे पळवायचा, कधी आत, कधी मागे बॅकफील्डमधे क्वार्टरबॅकजवळ, त्यामुळे कॉर्नरला छातीशी येऊन उभं राहायची संधीच नाही आणि डिफेन्समधे कोण याला घेणार याचा गोंधळ. म्हणजे टेक्निक पोराचं, पण ते वापरायला मोकळी जागा कोचने काढून दिली.

डिसेंबरमधे बॅटन रूजला, ज्या राज्याने त्याला आपला समजलं होतं तिथे, एलएसयूविरुद्ध ८ कॅच, २३१ यार्ड, ३ टचडाउन, ५५-१७. त्यातला एंड झोनमधला एका हाताचा कॅच डेरेक स्टिंगली या त्यांच्या सगळ्यात भारी कॉर्नरच्या वरून घेतलेला, तो भाच्याने दाखवलाच असणार तुम्हाला. पुढच्या आठवड्यात आर्कान्सॉविरुद्ध पासिंगमधे याला फारसं काही नव्हतं, तर पंट (समोरच्यांनी लांब मारलेली किक) रिटर्न ८४ यार्ड, टचडाउन. वॉडल पडल्यावर पंट पण हाच घ्यायला लागला होता. मग अटलांटात एसईसी फायनलला फ्लोरिडाविरुद्ध १५ कॅच, १८४ यार्ड, ५२-४६ अशी हृदयाचे ठोके चुकवणारी मॅच.

५ जानेवारी २०२१ ला हाइझमन. कोविडमुळे समारंभ ऑनलाइन. ४४७ पहिल्या पसंतीची मतं, दुसऱ्या नंबरच्या ट्रेव्हर लॉरेन्सला २२२. रिसीव्हरला हाइझमन मिळणं किती दुर्मिळ बघा, आधीचा मिशिगनचा डेझमंड हॉवर्ड १९९१ मधे, त्याच्या आधी नोत्र दामचा टिम ब्राऊन १९८७ मधे. आणि ते दोघंही किक आणि पंट पळवून जास्त गाजलेले. मधली २८ वर्षं क्वार्टरबॅक, रनिंग बॅक आणि एक कॉर्नर. कारण उघड आहे, रिसीव्हर दुसऱ्याने टाकलेल्या बॉलवर जगतो, मतं देणारे म्हणतात टाकणाऱ्यालाच देऊ. त्या वर्षी टाकणारा मॅक जोन्स पण मतांमधे तिसरा आला, म्हणजे एकाच टीमचे दोघं पहिल्या तिघांत, मतं फुटायला हवी होती, तरी फुटली नाहीत. एपी या वृत्तसंस्थेचा वर्षाचा खेळाडू हा मान पण पहिल्यांदाच कुठल्या रिसीव्हरला मिळाला.

त्याच्या चार दिवस आधी नोत्र दामविरुद्ध सेमीफायनलला ७ कॅच, १३० यार्ड, ३ टचडाउन झाले होते. आणि सहा दिवसांनी मायामीला फायनल, ओहायो स्टेट. पहिल्या हाफमधेच १२ कॅच, २१५ यार्ड, ३ टचडाउन. नीट वाचा, अर्ध्या मॅचमधे. हाफ संपत आला असताना ओहायो स्टेटचा गोंधळ असा झाला की स्मिथवर एक लाइनबॅकर आला, मैदानाच्या मधोमध, एकटा. अहो घरी बसून मी "अरे अरे" ओरडलो, म्हणजे मला त्या लाइनबॅकरची दया आली. ४२ यार्ड, टचडाउन. दुसरा हाफ सुरू झाला आणि थोड्याच वेळात स्मिथचं बोट निसटलं, हात गुंडाळून आत गेला, परत खेळला नाही. फायनलमधल्या यार्डांचा जमार चेजचा रेकॉर्ड २२१ चा होता, सहा यार्ड कमी पडले, अजून एक स्लँट मिळाला असता तरी झालं असतं. स्कोअर ५२-२४, अलाबामा १३-०, ऑफेन्सचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) हाच.

चार वर्षांची बेरीज २३५ कॅच, ३,९६५ यार्ड, ४६ टचडाउन. यार्ड आणि टचडाउन दोन्ही एसईसीचे करिअर रेकॉर्ड. आणि वर्षनिहाय कॅच मांडून बघा, ८, ४२, ६८, ११७. भाच्याला हे चार आकडे लिहून द्या कपाटावर चिकटवायला, व्हिडिओपेक्षा जास्त कामाचे आहेत. अजून एक गंमत बघा, पहिल्या वर्षी दर कॅचला २० यार्ड होते, शेवटच्या वर्षी जवळपास १६. म्हणजे शेवटच्या वर्षी तो जास्त लांबचे कॅच घेत नव्हता. सगळे कॅच घेत होता, तीन यार्डांचे पण.

आता वजन. ड्राफ्टच्या आधी इंडियानापोलिसला मेडिकल झालं तिथे तो १६६ पाउंड भरला, म्हणजे ७५ किलो, उंची सहा फूट. एनएफएलचे रिसीव्हर साधारण दोनशे पाउंडांच्या आसपासचे असतात. मोठा गहजब झाला, एनएफएलच्या फिलाडेल्फिया ईगल्सने तरी वर सरकून दहाव्या नंबरवर घेतला, आणि तिथे क्वार्टरबॅक कोण, तर तोच जेलन हर्ट्स, अटलांटाच्या रात्री बाकावर बसवलेला. फेब्रुवारी २०२५ ला न्यू ऑर्लिन्सला, म्हणजे एमीटपासून तास-सव्वा तासावर, सुपर बोलमधे (एनएफएलच्या फायनलमधे) हर्ट्सने त्याला ४६ यार्डांचा टचडाउन टाकला. असो, ते कॉलेजच्या बाहेरचं झालं.

तर भाचा बरोबर की कोच? स्पष्ट सांगतो, कोच जास्त बरोबर आहे, भाचा थोडा. बारीक असून चालतं हे स्मिथने दाखवलं, पण कोणाचं चालतं तर ज्याचे पाय स्मिथसारखे आहेत, आणि असे पाय मी इतक्या वर्षांत शाळेच्या मैदानावर प्रत्यक्ष एकदाही बघितले नाहीत. बाकी सगळ्यांना प्रेसवाला (छातीशी येऊन अडवणारा) कॉर्नर हात लावणारच, आणि हात लागला की वजन लागतं. दुसरं, बारीक म्हणजे कमकुवत नाही. स्मिथ चार वर्षं अलाबामाच्या वेट रूममधे होता हो, तो बारीक दिसायचा पण त्याच्या वजनाच्या मानाने त्याची ताकद काढा. नववी-दहावीचं पोर पाच-सात किलो नुसतं पिझ्झा खाऊन वाढवेल तर स्पीड जाईल, त्यापेक्षा मांड्या आणि पाठ कमवू द्या, वजन मागून येतं, वय आहे.

मी स्वतः यात एकदा चुकलोय. एक पोरगं होतं, हडकुळं, मी त्याला दोन सीझन सांगत राहिलो जाड हो, आणि रिलीज (स्नॅपनंतर कॉर्नरपासून निसटणं) शिकवायचा राहूनच गेला, म्हणजे मला वाटलं आधी अंग येऊ दे मग शिकवू. अंग आलं नाही आणि पोरगं कंटाळून ट्रॅककडे गेलं. दोन्ही एकदम करायला हवं होतं हे मला २०२० चा सीझन बघताना कळलं, तोपर्यंत ते पोर कॉलेजात पोचलं होतं.

भाच्याला या आठवड्यात एवढंच करायला सांगा. दोन कोन पाच यार्डांवर लावायचे, समोर मामाने कॉर्नर म्हणून उभं राहायचं (तुम्हाला पण व्यायाम होईल), बॉल नाही घ्यायचा, आणि तुमची कंबर वळेपर्यंत त्याने निसटायचं नाही. वळली की पळायचं. रोज वीस वेळा. त्यानंतर संध्याकाळी डिसेंबर २०२० ची एलएसयूची मॅच लावा, अख्खा पहिला हाफ, हायलाइट नको, आणि प्रत्येक स्नॅपला फक्त सहा नंबरच्या जर्सीकडे बघायचं, बॉल कुठेही जाऊ दे. ज्या खेळ्यांत त्याला बॉल मिळत नाही त्यात तो काय करतोय ते भाच्याने वहीत लिहायचं. लिहून झालं की मला पाठवा, मी बघतो आणि पुढचं सांगतो.